भाड्याने द्यायला म्हणून दुसरा फ्लॅट घ्यावा का? धानोरी, २ बीएचके. हिशेब कुठे चुकतोय बघा

चहाबिस्किट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४६. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहतो विश्रांतवाडीत स्वतःच्या घरात, त्याचं लोन दोन वर्षांपूर्वी फिटलं. पेन्शन नाही, पीएफ आहे तेवढाच. एफडी, थोडे म्युच्युअल फंड आणि गावच्या जमिनीचा वाटा आला तो धरून ३२ लाख जमलेत. धानोरीत एक रिसेल २ बीएचके बघितलाय, १० वर्षं जुनी बिल्डिंग, मालक ७२ म्हणतोय. आत्ता भाडेकरू आहे त्यात, २२ हजार देतो. माझा विचार असा की ५० लाख लोन काढायचं, निम्मा हप्ता भाड्यातून निघेल, निम्मा मी भरेन, मधेमधे जादा भरून साठीपर्यंत मोकळा, आणि मग भाडं हीच पेन्शन.

वडील म्हणतात घरात घातलेला पैसा कधी बुडत नाही. बायको म्हणते आपल्याच्याने या एका घराची गळती निघत नाहीये पाच वर्षं, दुसरं कशाला. दोघांचंही पटतं हाच प्रॉब्लेम आहे.

हिशेबनीस

आधी ७२ हा आकडा डोक्यातून काढा. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी ३० हजार. एजंट १ टक्का, ७२ हजार. दहा वर्षं जुना फ्लॅट म्हणजे रंग, किचन ट्रॉल्या, गीझर, एखादं बाथरूम उकरणं, अडीच लाखात भागलं तर देवाला नारळ फोडा. झाले ८० लाख ५६ हजार.

आता भाडं. २२ हजार गुणिले १२ करू नका, ११ करा, कारण भाडेकरू बदलला की महिनाभर कुलूप असतंच. २ लाख ४२ हजार. मेंटेनन्स ३,२०० धरला तर वर्षाचे ३८,४००, प्रॉपर्टी टॅक्स ९ हजार, रंग-नळ-सटरफटर सरासरी २० हजार, एजंट आणि अ‍ॅग्रीमेंटचे १३ हजार. राहिले १ लाख ६१ हजार ६००. भागिले ८० लाख ५६ हजार. दोन टक्के. सेव्हिंग अकाउंटपेक्षा बरं एवढंच.

५० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,३९१. महिन्याला हातात पडणार साडेतेरा हजार. म्हणजे निम्मा हप्ता भाड्यातून निघत नाहीये, खिशातून ३० हजार जाणारेत. साडेआठने पैसे उचलून दोन टक्के कमावताय, मधले साडेसहा टक्के फ्लॅटची किंमत वाढूनच यायला पाहिजेत, ते पण दर वर्षी. तुम्ही भाड्याचा धंदा करत नाही आहात, किंमत वाढेल यावर पैज लावताय. लावा, पण पैज आहे हे माहीत असू द्या.

खराडी२००९

वरच्या प्रतिसादासारखे लोक २००९ मध्ये पण होते, मलाही हेच सांगत होते. खराडीत २८ लाखाला घेतला, तेव्हा समोर नुसती शेतं आणि धूळ, रात्री रिक्षावाला यायला तयार नसायचा. १६ वर्षांनी ९६ ला गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि मधलं सगळं भाडं वेगळं. एक्सेलमध्ये बसून कोणी श्रीमंत होत नाही भाऊ. घ्या डोळे मिटून.

हिशेबनीस

२८ चे ९६, १६ वर्षांत. चक्रवाढीने वर्षाला ८ टक्के झाले, त्यातून अजून विकतानाचा टॅक्स जायचाय. चांगलंच आहे, वाईट म्हणत नाही. पण तुम्ही सांगता तेव्हा लॉटरी लागल्यासारखं वाटतं.

खराडी२००९

८ टक्क्याने माझ्या मुलीचं शिक्षण झालं. चालू द्या तुमचं.

उंड्रीचा_उतारा

दुसरी बाजू लिहितो. २०१४, उंड्री, अंडर कन्स्ट्रक्शन, ४६ लाख. ताबा दोन वर्षं उशिरा. २०२१ मध्ये ५२ ला विकला आणि सुटलो म्हणून पेढे वाटले. त्या काळात पुण्यात भाव जागचा हलत नव्हता, पेपरात मात्र दर रविवारी पान भरून जाहिराती. मार्च २०२० मध्ये भाडेकरू पोरं वर्क फ्रॉम होम म्हणून इंदूरला निघून गेली, फ्लॅट पुढे ११ महिने रिकामा. हप्ता चालू, मेंटेनन्स चालू. आठवड्यातून एकदा जाऊन नळ सोडून यायचो, नाहीतर संडासाच्या ट्रॅपमधलं पाणी आटून घरभर वास सुटायचा. भाडं येत नसताना फ्लश करायला १८ किलोमीटर जाणं ही काय चीज आहे ते घेणाऱ्याने आधी अनुभवावं.

पोपट_पंची

पॉपकॉर्न घेऊन बसलोय 😀

वाड्यातला_विजू

"घरात घातलेला पैसा बुडत नाही" हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. आजोबांनी नारायण पेठेत वाडा घेतला, अकरा बिऱ्हाडं. मग १९४७ चा भाडे कायदा आला आणि भाडी जिथल्या तिथे थिजली. १९६१ ला पानशेतचं पाणी वाड्यात शिरलं, मागची भिंत गेली, दुरुस्ती कोणी करायची तर मालकाने, भाडं किती तर महिना १४ रुपये. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, वडील दर महिन्याच्या पाच तारखेला पावती पुस्तक घेऊन बिऱ्हाडं फिरायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, आजच्या भाड्यात दोन किलो साखर येईल. एका बिऱ्हाडकरूची तर कोथरूडला स्वतःची बंगली होती, आमच्याकडच्या खोलीत त्यांची फक्त एक कॉट आणि पेटी असायची, ताबा राहावा म्हणून.

बिऱ्हाडकरू वाईट नव्हते हो, माझी मुंज त्यांनीच पार पाडली. पण मालक म्हणजे श्रीमंत हा समज आमच्या पिढीपुरता तरी संपला. शेवटी वाडा बिल्डरला दिला, त्यांना जागा मिळाल्या, आम्हाला पण मिळाली, भांडण संपलं.

आता कायदा तसा राहिला नाही हे मान्य. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार करून राहणाऱ्याला, कुळासारखा हक्क लागत नाही. पण कागद करा. कागद, कागद, कागद.

दोन_फ्लॅटवाली

विजूदादांच्या शेवटच्या ओळीला कडकडीत अनुमोदन. माझं ऐका, हसा आणि शिका.

पिंपळे सौदागरला माझा एक फ्लॅट आहे. २०१७ ला भाडेकरू आले, नवरा-बायको आणि एक मुलगी, गोड माणसं. पहिलं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलं. ११ महिने संपले तेव्हा ते म्हणाले ताई, कशाला परत खर्च, हजारभर भाडं वाढवून देतो, चालू ठेवू. मी पण म्हणलं ठीक. ही माझी चूक नंबर एक. मग दीड वर्षाने त्याची नोकरी गेली, भाडं आधी निम्मं, मग "पुढच्या महिन्यात ताई", मग फोन उचलणं बंद. डिपॉझिट ६० हजार होतं ते चार महिन्यांत आपोआप संपलं. मला बोलायची लाज वाटायची, त्या मुलीची परीक्षा होती ना. चूक नंबर दोन.

एक दिवस खालच्या काकूंचा फोन, अहो तुमचे भाडेकरू रात्री टेम्पो भरून गेले. मी आणि माझा भाऊ दुपारी गेलो. दार नुसतं ओढून घेतलेलं. किचन ओट्यावर चिमणीतलं तेल ओघळून वाळलेलं, लाइटबिल तीन महिन्यांचं दाराखाली पडलेलं, आणि हॉलमध्ये खिडकीखाली फिशटँक. पंप बंद, पाणी हिरवं, आणि आत दोन मासे जिवंत. काचेवर त्या मुलीने चिकटवलेली नावं तशीच होती, चिंटू आणि राणी. माझा एवढा जोराचा राग होता ना, तो तिथे उभ्या उभ्या अर्धा झाला. भाऊ म्हणाला, व्वा, डिपॉझिटमध्ये मासे मिळाले.

तर कामाचं. अ‍ॅग्रीमेंट दर वेळी रजिस्टर करायचं, ११ महिन्यांचं असलं तरी. आपल्या राज्यात ते सक्तीचंच आहे आणि जबाबदारी मालकाची. केलं नाही आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. आणि केलेलं असेल तर मुदत संपल्यावर तो हलला नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाडं मागता येतं. खर्च काय मेला, पाव टक्का स्टँप आणि शहरात हजार रुपये नोंदणी. आता घरी बसून अंगठा देऊन होतं सगळं. त्या हजार रुपयासाठी माझे पावणेदोन लाख गेले.

मनमाऊ

मासे जगले का नंतर??

दोन_फ्लॅटवाली

घरी घेऊन आले. चिंटू चार महिन्यांनी गेला. राणी अजून आहे, माझ्याच घरात फुकट राहते, ती पण भाडं देत नाही.

पोपट_पंची

हसून हसून पुरेवाट

आठवं_घर

सगळे मालकच बोलताहेत म्हणून एका भाडेकरूचं पण ऐका. मूळ परभणी, पुण्यात अकरा वर्षं, हे आठवं घर. फोनवर एजंट आधी आडनाव विचारतो, मग खाण्यापिण्याचं, मग लग्न झालंय का, बजेट सगळ्यात शेवटी. मागच्या घरमालकांनी ११ महिन्यांनी डिपॉझिटमधून २४ हजार रंगाचे कापले, भिंतीला माझे खिळे फक्त तीन होते, कॅलेंडर, घड्याळ आणि देवाचा फोटो, मोजून सांगते. आधीच्या भाडेकरूकडून पण त्यांनी रंगाचे कापले होते आणि रंग दिलाच नव्हता, हे मला वॉचमनदादांनी सांगितलं. त्याआधीच्या घरात मालकांकडे दुसरी चावी होती, मी ऑफिसला असताना "नळ चेक करायला" येऊन जायचे.

चहाबिस्किट, फ्लॅट घेतलाच तर एवढंच करा, गळतीचा फोन आला की दोन दिवसांत प्लंबर पाठवा. मी एका घरात साडेचार वर्षं राहिले, वर्षाला ५ टक्के वाढ कुरकुर न करता देत. कारण त्या काका लगेच माणूस पाठवायचे, बस. तो हिशेबनीस दादांचा रिकामा महिना आणि एजंटचे पैसे त्यांचे साडेचार वर्षं वाचलेच ना.

हिशेबनीस

हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. खरं आहे. चांगला भाडेकरू टिकवला तर वर्षाला तीसेक हजार वाचतात, म्हणजे दोनाचे जवळजवळ २.४ टक्के होतात. वाचनखूण साठवली.

सोसायटीचा_गडी

मी धानोरीतल्याच एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कुठली ते सांगत नाही, आधीच लोक शिव्या देतात.

हिशेबनीसांनी ९ हजार टॅक्स धरलाय तो मालक स्वतः राहत असेल तर. पुणे मनपात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते, म्हणजे ९ चे १५ च्या घरात धरा. बरेच जण गप्प बसतात आणि मग एकदम थकबाकीसकट बिल येतं. दुसरं, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी जादा घेते ते. ते सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. पूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के नव्हे. काही कमिट्या मनाला येईल ते लावतात, तिथे भांडा. पण आमच्याकडे योग्य लावलेले पण लोक देत नाहीत हे पण लिहा कोणीतरी.

आणि मेंटेनन्स ३,२०० हा आकडा कुठल्या महिन्यातला? उन्हाळ्यात आम्ही टँकरवर असतो. मार्च ते जून बघा आणि मग बोला. मेंटेनन्सच्या पावत्या बारा महिन्यांच्या मागा विकणाऱ्याकडून, तो एकच सप्टेंबरची दाखवेल.

अजून एक, लोहगावचा हवाई तळ डोक्यावर आहे. सुखोई गेलं की मीटिंगमध्ये अर्धा मिनिट सगळे गप्प, तेवढीच शांतता मिळते आमच्या एजीएमला.

लातूरकर_बप्पा

राम राम. शहरातल्या लोकांचं दोन टक्के वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं लातुरात ट्युशन एरियाच्या जवळ घर हाय माझं. २०१८ ला वर चार खोल्या काढल्या, जागा आपलीच असल्यानं ९ लाखात झालं. एका खोलीत तीन कॉट, बारा लेकरं. कॉटमागं अडीच हजार, वर्षातले दहा महिने. नीटची लेकरं असतात सगळी, नांदेड, बीड, धाराशिव, पार चंद्रपूरवरनं येतात. तीन लाख येतात वर्षाला, लाईट, पाणी, झाडलोट, मोडतोड जाऊन १ लाख ८० राहतात.

हिशेबनीस

९ लाखावर १ लाख ८०? वीस टक्के??

लातूरकर_बप्पा

ते वीस टक्के नाहीत दादा, ती नोकरी हाय. पगार माझ्या बायकोचा. रात्री अकराला कोण आलं न्हाई ते बघायचं, कुणाला ताप आला तर दवाखाना, कुणाच्या आईचा फोन की आमचा बाळू जेवला का. निकालाच्या दिवशी तर घरात सुतक पडल्यागत असतं, एखादं लेकरू खोलीचं दारच उघडत न्हाई, मग ही जाऊन दाराशी बसती बोलत. दोन तास बसली होती मागं एकदा. त्याचे काय लावणार टक्के?

आन पाणी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं लातूरला, तेव्हा आजूबाजूच्यांची लेकरं घरी पाठवली सगळ्यांनी, खोल्या रिकाम्या. म्हणून मी बांधताना आधी टाकी बांधली, मग खोल्या.

चहाबिस्किट

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळे वाचतोय. बप्पा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली बघ, मी काय म्हणत होते.

एक प्रश्न राहिला. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर स्टँप १ टक्का कमी आणि भाड्यावरचा टॅक्स पण तिच्या नावाने, म्हणजे जवळपास शून्य. हे बरोबर ना? ती घरीच असते.

हिशेबनीस

पहिलं बरोबर, फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, जोडीने नाव घातलं की गेली. दुसरं चूक. पैसे तुमचे असतील तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात, नाव कोणाचंही असो.

टॅक्सचं निघालंय तर अजून. भाड्यातून मनपाचा टॅक्स वजा, मग सरसकट ३० टक्के वजा, मग लोनचं व्याज पूर्ण वजा. तुमचं पहिल्या वर्षीचं व्याजच ४ लाख २१ हजार होतं, म्हणजे कागदावर अडीच लाखाच्या वर तोटा. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत त्यातले २ लाख पगारातून वजा करता येतात, लोक त्यासाठीच दुसरा फ्लॅट घ्यायचे. नव्या पद्धतीत पगारातून एक रुपया वजा होत नाही. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर बँकवाला "टॅक्स बेनिफिट सर" म्हणेल तेव्हा नुसतं हसा.

एडिसनचा_पाहुणा

परदेशस्थ मालकांसाठी एक इशारा, बाकीच्यांनी स्क्रोल करा. ठाण्यात माझा फ्लॅट आहे, मी न्यू जर्सीत. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूला दर महिन्याच्या भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापायला लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. ५० हजारावरच कापतात तो नियम इथल्या रहिवासी मालकांचा. मला चार वर्षं माहीत नव्हतं, माझ्या भाडेकरूला तर कसं माहीत असणार. आता तो दर महिन्याला माझ्यासाठी सीएकडे जातो आणि मी त्याचे पैसे देतो. कमी दराचं सर्टिफिकेट काढता येतं, पण काढा दर वर्षी.

इथेही एक टाउनहाउस भाड्याने दिलंय. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स ऐकलात तर धानोरीच्या १५ हजाराला तुम्ही ओवाळाल. दोन महिन्यांचं भाडं इकडून येतं आणि तिकडून जातं.

म्हापशेकार

कोणी तरी आता गोव्याचा विषय काढणारच, म्हणून मीच काढतो. मुंबई-पुण्याच्या लोकांचे सात फ्लॅट मी सांभाळतो, शिवोली, हणजूण बाजूला. सगळ्यांनी घेताना एकच हिशेब केलेला, एका रात्रीचे ५ हजार गुणिले ३०. डिसेंबरात खरंच येतात रे ५ हजार, जास्त पण. पण जून ते सप्टेंबर कोण येणार? त्या चार महिन्यात घर बंद राहिलं की गादीला बुरशी, कपाटाच्या आत बुरशी, चामड्याची बॅग राहिली तर तिला हिरवी लव येते. दारं फुगतात, उघडायला खांदा लावायला लागतो. समुद्राच्या हवेने एसीचं बाहेरचं युनिट तीन-चार वर्षांत गंजून चाळण. आणि माझे २० टक्के. शिवाय पर्यटन खात्याकडे नोंदणी करायला लागते, ती न करता चालवणारे पुष्कळ, मग नोटीस आली की फोन मला.

स्वतःला राहायला हवं म्हणून घ्या, भाडं आलं तर आलं. पेन्शन म्हणून नको.

एक_युनिट

ज्यांना भाडं पाहिजे पण प्लंबर नको त्यांनी रीटचा विचार करा, म्हणजे मोठी ऑफिसं-मॉल घेऊन त्यांचं भाडं गुंतवणूकदारांना वाटणारा ट्रस्ट. शेअरसारखं डिमॅटमध्ये घ्यायचं, एक युनिट सुद्धा घेता येतं. हिंजवडीच्या क्वाड्रन, क्युबिक्स या आयटी पार्कमध्ये बसणाऱ्या कंपन्या भाडं भरतात ते एम्बसीच्या रीटमधून येतं, औंधच्या वेस्टएंड मॉलचं नेक्ससच्या रीटमधून. माझ्या खरेदी किमतीवर मला सहा टक्क्यांच्या आसपास पडतं. भाव मात्र शेअरबाजारासारखा खालीवर होतो, कोरोनात ऑफिसं ओस पडली तेव्हा पोटात गोळा आला होता.

खराडी२००९

आणि रीटवर बँक ५० लाख लोन देणार का? रीटमध्ये म्हातारपणी राहायला जाता येतं का? मुलीचं लग्न रीटच्या हॉलमध्ये लावणार?

एक_युनिट

लग्न मॉलमध्ये लावू. युनिटधारकांना पार्किंग फ्री असेल तर बघतो.

खराडी२००९

🙏 गंमत बाजूला. हप्ता होता म्हणून माझे पैसे साठले. नाहीतर २००९ पासून तेवढे पैसे मी दर महिन्याला बाजूला टाकले असते का? मुळीच नाही. दोन वेळा गाडी बदलली असती. एसआयपी माणूस मोबाईलवर दोन मिनिटात बंद करतो, गृहकर्ज बंद करता येत नाही. हा फायदा हिशेबनीसांच्या एक्सेलमध्ये कुठे आहे?

हिशेबनीस

नाहीये. आणि हा मुद्दा मला खोडता पण येत नाही, कारण माझी स्वतःची एसआयपी मी दोनदा बंद केलीये.

दोन_फ्लॅटवाली

चहाबिस्किट, फ्लॅट बघायला कधी गेला होतात? रविवारी संध्याकाळी, एजंटबरोबर, बरोबर ना? आता एकटे जा, शनिवारी सकाळी अकराला, नाहीतर जोराच्या पावसात. आणि आत्ता राहतो त्या भाडेकरूशी बोला, मालक समोर नसताना. त्याला फ्लॅटबद्दल माहीत असतं तेवढं मालकाला पण नसतं. चहा पाजा त्याला, बिस्किटं तुमच्याकडे आहेतच.

चहाबिस्किट

तीन आठवड्यांनी येतोय, माफी.

ताईंचं ऐकलं. शनिवारी साडेदहाला गेलो. गेटवर दोन टँकर उभे, तिसरा वळायचा प्रयत्न करत होता आणि वॉचमन शिट्टी मारत होता. सेक्रेटरीसाहेब, ती तुमचीच सोसायटी असेल तर सांगू नका. भाडेकरू मुलगा नागपूरचा, टीम लीड आहे कुठेतरी, बायको, लहान बाळ. आधी काही बोलेना, मी घेतला तर तुम्हाला काढणार नाही म्हणल्यावर मोकळा झाला. आतल्या बेडरूमच्या बाथरूममध्ये नेलं, फॉल्स सीलिंगची एक टाइल वर सरकवली, आत एक निळी बादली. वरच्या मजल्याची गळती. दर चार दिवसांनी तो स्टुलावर चढून बादली रिकामी करतो, दोन वर्षं. वरचा मालक दुबईला आहे, फोन उचलत नाही. मालकाने "हो करून देतो" म्हणत आत्तापर्यंत फक्त ती बादली दिली, ती पण भाडेकरूनेच रंग निवडून आणली असं तो हसत म्हणाला.

निघताना मला म्हणाला, काका घ्या तुम्ही, पण आधी वरच्याचं बघा. मुलगा चांगला आहे.

घरी येऊन हिशेबनीसांचं गणित स्वतः मांडलं, टॅक्स १५ हजार, मेंटेनन्स सरासरी ४ हजार. मालकाला ६४ म्हणलं. तो ७० च्या खाली येईना. मी गळतीचं काढलं तर म्हणाला कुठली गळती. मग म्हणलं राहू द्या. वडील दोन दिवस बोलत नव्हते. आता त्यांनी दिघीत अजून एक बघून ठेवलाय, पुढच्या शनिवारी जायचंय. लोन मात्र २५ च्या वर काढायचं नाही असं घरात ठरलंय, त्यात जे बसेल ते, १ बीएचके तर १ बीएचके.

बाकी त्या मंगळवारी प्लंबर बोलावला आणि आमच्या घरातली गळती काढून घेतली. १,८०० रुपये घेतले. पाच वर्षं काय करत होतो काय माहीत.

आठवं_घर

काका, तो निळ्या बादलीवाला फ्लॅट सोडणार असेल तर मला सांगाल का? २२ ला २ बीएचके कुठे मिळतंय आता. स्टुलावर चढता येतं मला.

चहाबिस्किट

व्यक्तिगत निरोप केलाय.